हाती घेतलेली कामे मुद्दाम कमी केल्याने काम सुधारते का?

उद्यमबागकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेत माझे एक लहान मशीन शॉप आहे. दोन सीएनसी टर्निंग (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (तसेच चालणारे उभ्या स्पिंडलचे मिलिंग मशीन), वडिलांच्या काळातले दोन साधे लेथ आणि माझ्यासह दहा माणसे, एवढा आमचा पसारा. आसपासच्या फाउंड्रींतून कास्टिंग (ओतीव भाग) येतात आणि बेअरिंग हाउसिंग, पंपाचे भाग, व्हॉल्व्हच्या बॉडी असे जॉब आम्ही मशीनिंग करून देतो. काम भरपूर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती कामाच्या दर्जाबद्दल, आणि तो माझ्याच निर्णयांमुळे घसरत असल्याबद्दल.

आज आमच्याकडे सुमारे ३० ऑर्डरी एकाच वेळी अर्धवट अवस्थेत आहेत. दिवसाला सरासरी दोन ऑर्डरी पूर्ण होऊन चलनासह बाहेर पडतात. सकाळी ज्याचा फोन आधी येतो त्याचा जॉब मशीनवर चढतो, आणि दुपारी दुसऱ्याचा फोन आला की पहिल्याची सेटिंग मोडून त्याचा जॉब लावला जातो. गेल्या महिन्यात १२० बेअरिंग हाउसिंगचा एक लॉट चालू होता. ७० नग झाले असताना एका जुन्या ग्राहकाचे तातडीचे काम आले, म्हणून चकचे जॉज (जॉब धरणाऱ्या पकडी) बदलून ते घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हाउसिंग लावले. जॉज बसवले, प्रोग्रॅम लावला, मात्र बोअरिंग बारचा ऑफसेट, म्हणजे आतले भोक कापणाऱ्या हत्याराच्या जागेचे माप, आदल्या कामाचाच राहिला. चौदाव्या नगाला ऑपरेटरने भोकाचे माप तपासणारा प्लग गेज लावला, तेव्हा त्याची नो-गो बाजू, जी आत जाता कामा नये, ती तोंडाशी अडण्याऐवजी सरळ आत गेली. मागचे १३ नगही तसेच निघाले. मोठा झालेला बोअर (भोक) लहान करता येत नाही. कास्टिंग ग्राहकाचे होते, त्याची भरपाई मी केली, पण त्याहून अधिक जिव्हारी लागले ते त्या ऑपरेटरचे उतरलेले तोंड. बारा वर्षे माझ्याकडे असलेला तो माणूस त्या दिवशी कोणाशी एक शब्द बोलला नाही, आणि सेटिंग मोडायला तर मीच सांगितले होते.

तेव्हापासून मनात एकच प्रश्न आहे. हाती घेतलेली कामे मुद्दाम कमी करून कोणाचे काम खरोखर सुधारले आहे का, आणि सुधारले असेल तर नेमके काय कमी केले? माझ्यापुढे अडचणी दोन आहेत. व्हीएमसीचा बँकेचा हप्ता दरमहा ठरलेल्या तारखेला जातोच, त्यामुळे उत्पन्न घटवणे परवडत नाही. दुसरी अडचण पैशांपेक्षा अवघड आहे. आपल्या गावात ग्राहक हा केवळ ग्राहक नसतो. ज्या जुन्या ग्राहकाचे काम मी मध्येच घेतले, त्यांनी माझ्या वडिलांना पहिला लेथ घेताना उसने पैसे दिले होते. त्यांना नाही कसे म्हणायचे?

टिळकवाडीकर

एका कारखान्याच्या उत्पादन नियोजन विभागात ३१ वर्षे काम करून मी निवृत्त झालो आहे. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांतच आहे.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलेला एक नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एखाद्या व्यवस्थेत सरासरी जितकी कामे पडून असतात, त्या संख्येला कामे बाहेर पडण्याच्या वेगाने भागले की प्रत्येक काम त्या व्यवस्थेत सरासरी किती काळ अडकते ते कळते. तुमच्याकडे ३० ऑर्डरी आहेत आणि दिवसाला दोन बाहेर पडतात, म्हणजे आत शिरलेली प्रत्येक ऑर्डर सरासरी १५ दिवस शॉपमध्ये लोळते. त्याच मशीन, तीच माणसे आणि तोच वेग ठेवून आत केवळ १० ऑर्डरी ठेवल्या, तर प्रत्येक ऑर्डर पाच दिवसांत बाहेर पडेल. यासाठी कोणाला जास्त राबावे लागत नाही आणि बँकेच्या हप्त्यालाही धक्का लागत नाही, कारण दिवसाला दोन ऑर्डरी पूर्वीप्रमाणेच पूर्ण होतात. सेटिंग मोडणे थांबले की वेग थोडा वाढतोही, पण तो वाढीव लाभ मी हिशेबात धरत नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. उरलेल्या २० ऑर्डरी हवेत विरत नाहीत, त्या गेटजवळ थांबतात, आणि ऑर्डर दिल्यापासून माल मिळेपर्यंतचा ग्राहकाचा एकूण काळ लगेच घटेलच असे नाही. फरक असा की गेटजवळ थांबलेल्या कास्टिंगवर अजून तुमचा एकही तास खर्च झालेला नसतो. त्यांचा क्रम तुम्ही हवा तितक्या वेळा बदलू शकता आणि त्यासाठी एकही सेटिंग मोडावी लागत नाही. मशीनवर चढलेल्या कामाचा क्रम बदलणे मात्र किती महाग पडते, हे ते १४ नग सांगतातच. म्हणून ऑर्डर स्वीकारणे आणि ऑर्डर सुरू करणे या दोन वेगळ्या गोष्टी माना. कमी करायचे आहे ते सुरू केलेले काम. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीच्या मुळाशी हाच संयम आहे: पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही, मग मशीन थोडा वेळ रिकामे राहिले तरी चालेल.

तुमच्याकडे व्हीएमसी एकच आहे, तेव्हा बहुधा सगळी रांग तिच्यापाशीच तुंबत असणार. तसे असेल तर टर्निंगची दोन्ही मशीन पूर्ण वेळ धावत ठेवण्याचा आग्रह सोडून द्या. व्हीएमसी जितके पुढे सरकवू शकते त्यापेक्षा जास्त टर्निंग करून ठेवणे म्हणजे मधल्या रॅकवर केवळ ढीग वाढवणे होय. मालकाला बंद मशीन पाहवत नाही, हे मला माहीत आहे. माझ्या वरिष्ठांनाही पाहवत नसे, आणि त्यांचे मन वळवण्यात माझी तीन-चार वर्षे गेली.

एक सावधगिरी मात्र घ्या. संख्या अगदीच खाली आणू नका. कास्टिंगमधला ब्लोहोल (ओतताना आत राहिलेली पोकळी) पहिला कट घेतल्यावरच दिसतो, आणि तसे दोन-चार नग सलग निघाले की फाउंड्रीशी बोलणे होईपर्यंत तो लॉट थांबतो. अशा वेळी लावता येईल असे, साध्या सेटिंगचे आणि तारखेची घाई नसलेले एक काम नेहमी हाताशी असू द्या. बारापासून सुरुवात करा, महिनाभर पाहा आणि मग एकेक कमी करा.

शहापूरच्या ताई

दादा, तुमच्या मशीनमधले मला फारसे कळत नाही, परंतु नाही कसे म्हणायचे हा प्रश्न माझाही होता, म्हणून लिहीत आहे. शहापुरात माझे ब्लाऊज शिवण्याचे दुकान आहे आणि मदतीला एक मुलगी आहे.

लग्नसराईत मी येईल ते कापड ठेवून घेत असे. गल्लीतल्या काकू, माहेरच्या वहिनी, मुलीच्या शाळेतल्या बाई, सगळ्याच ओळखीच्या, कोणाला परत पाठवणार? एका हंगामात पिशव्यांचा ढीग शिलाई मशीनच्या वर गेला होता. त्या वर्षी अस्तर भिजवायलाही वेळ मिळाला नाही. सुती अस्तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचे असते, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचे रेशमी कापड चुण्या पडून ओढले जाते. हे मला आईने शिकवले होते, आणि तरीही मी कोरे अस्तर लावून ब्लाऊज दिले. लग्नानंतर महिनाभरात जे परत आले ते उसवून पुन्हा शिवताना मला जितका वेळ लागला, तितक्या वेळात तेवढेच नवे ब्लाऊज झाले असते, आणि त्या उसवण्याचे पैसे कोणी देत नाही.

त्यानंतर मी एक वही केली. एका पानावर एक दिवस आणि एका दिवसात चारच ब्लाऊज. पान भरले की पुढचे पान. बाई आल्या की मी वही त्यांच्यापुढे उघडून ठेवते आणि सांगते, “काकू, हे पान भरलंय बघा, मंगळवारी जागा आहे, मंगळवारी लिहू काय?” नाही हा शब्द मी उच्चारतच नाही, तारीख सांगते. वहीत आधीची नावे डोळ्यांनी दिसतात, त्यामुळे माझे त्यांच्याशी वाकडे आहे असे कोणाला वाटत नाही, आणि ज्यांना खरोखर घाई असते त्या स्वतःच दुसरीकडे जातात. पहिल्या हंगामात माझी मिळकत घटली, हे लपवत नाही. तीन-चार घरे कायमची तुटली आणि त्यातले एक नात्यातले होते, त्याचे वाईट अजून वाटते. दुसऱ्या हंगामात मिळकत पूर्वीच्या बरोबरीला आली, कारण परत येणारे ब्लाऊज जवळपास थांबले. अस्तर आता आदल्या संध्याकाळी भिजते, कटिंग सकाळच्या उजेडात होते आणि हात-शिलाई दुपारनंतर.

वही मात्र समोर ठेवा. मनातल्या मनात पाळलेल्या मर्यादेला कोणी मान देत नाही, आपणही देत नाही.

खानापूर रस्ता

मी कन्नड आणि मराठीत कागदपत्रांचे भाषांतर करतो. सीमेच्या अलीकडे जमीन आणि पलीकडे, चंदगड किंवा कोल्हापूरकडे, वारस अशी पुष्कळ कुटुंबे आपल्या भागात आहेत, त्यामुळे जमिनीच्या उताऱ्यांचे काम सतत येते. संख्येबरोबरच कामाच्या मध्ये येणाऱ्या खंडाकडेही लक्ष वेधावेसे वाटते.

एकदा पहाणीपत्रकाचे भाषांतर चालू असताना फोन आला आणि मी पाच मिनिटे दुसऱ्याच्या करारनाम्यातील एक शब्द शोधून दिला. परत आलो आणि क्षेत्राच्या रकान्यातील २-१५ हा आकडा २.१५ हेक्टर असा लिहिला. कर्नाटकच्या उताऱ्यात क्षेत्र एकर आणि गुंठ्यांत असते. ते २ एकर १५ गुंठे होते, म्हणजे ९५ गुंठे, म्हणजे सुमारे ०.९६ हेक्टर. माझ्या एका टिंबाने कोणाची तरी जमीन दुपटीहून अधिक केली होती. वारसांपैकी एका वृद्ध आजोबांनी कागद पाहताच “बाबा, एवढी आमची कधीच नव्हती” असे म्हटले, म्हणून ती चूक पुढे गेली नाही.

एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग पहिल्यातच गुंतून राहतो आणि दुसरे काम त्यामुळे खालावते, असे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले आहे. तुमच्या ऑपरेटरच्या बाबतीत मला हेच दिसते. त्याच्या हातात सकाळी हाउसिंग होते आणि डोक्यात अजून आदल्या दिवशीचा जॉब होता. मी आता सकाळी अकरापर्यंत फोन आतल्या खोलीत ठेवतो आणि एका बैठकीत एकच दस्तऐवज, शेवटच्या शिक्क्यापर्यंत, पूर्ण करतो. उताऱ्यांचे दिवस वेगळे आणि करारनाम्यांचे वेगळे. दिवसाला होणारी पाने पूर्वीपेक्षा थोडी कमी आहेत, मात्र संध्याकाळी पुन्हा तपासताना हात थरथरत नाही.

निपाणीकर

वरच्या तिन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण एक बाजू कोणी मांडलेली नाही. ‘कमी करा’ हा सल्ला मालकाला आणि स्वतःचे दुकान असलेल्याला सोपा आहे. माझी आई विड्या वळत असे. विडी कामगाराची मजुरी हजार विड्यांवर ठरते. कमी वळल्या की तितके पैसे कमी. तिला कोणी सांगितले असते की कमी वळ म्हणजे चांगल्या वळशील, तर ते खरेही ठरले असते, पण संध्याकाळच्या भाकरीचे काय, हा प्रश्न उरलाच असता. तेव्हा उद्यमबागकर, तुमच्याकडे जादा तासांवर माणसांचे घर किती चालते हे आधी पाहा. तुमच्या शॉपमधली धावपळ थांबली की त्यांचे जादा तास थांबणार आहेत. दर्जा सुधारल्याचा लाभ तुम्हाला आणि त्याची किंमत त्यांना, असे झाले तर ते मनापासून साथ देणार नाहीत, आणि देऊही नये.

हा नुसता भावनेचा प्रश्न नाही, याला इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली, तोवर एक दिवस काम थांबले तर नुकसानच होईल असे मालकांचे म्हणणे होते. जर्मनीतल्या येना शहरात झाइसच्या भिंगांच्या कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० मध्ये कामाचा दिवस ९ तासांवरून ८ तासांवर आणला आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारांचे आधीचे व नंतरचे हिशेब मांडून पाहिले. तास कमी झाले तरी त्यांची दिवसाची कमाई घटली नव्हती, उलट किंचित वाढली होती. आपल्याकडे डॉ. आंबेडकर केंद्रात मजूर खात्याचे सदस्य असताना कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले आणि १९४६ मध्ये आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. या प्रत्येक ठिकाणी काम कमी करताना माणसाच्या पोटाचा विचार आधी झाला होता, म्हणून ते टिकले.

दुसरी गोष्ट शेतातली. आमच्याकडे तंबाखू आहे. झाड भरात आले की शेंडा खुडतात, म्हणजे फुलाकडे जाणारा जोर पानात उतरतो आणि पान जाड व कसदार होते. नवख्या माणसाला वाटते की शेंडा खुडला, काम झाले. तसे नसते. शेंडा गेला की पानांच्या बगलेतून फूट येऊ लागते, आणि ती पुन्हा पुन्हा काढावी लागते. आठ-दहा दिवस दुर्लक्ष केले तर खुडलेल्या शेंड्याचा सगळा जोर त्या फुटीतच जातो. संध्याकाळी रानातून परतताना आमचे हात काळे आणि चिकट झालेले असतात, ते चिंच चोळल्याशिवाय स्वच्छ होत नाहीत. तुम्ही १२ ऑर्डरींची मर्यादा घातलीत की “एवढे दोनच नग आहेत”, “फक्त एक फेसिंग मारून द्या” अशी बगलफूट सुरू होईल. ती मोजणीत धरा. दोन नगांचे कामही सेटिंग मोडतेच.

उद्यमबागकर (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काहीतरी करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

पहिली चर्चा माणसांशी केली. निपाणीकरांचे उत्तर वाचून मी मागच्या सहा महिन्यांचे जादा तासांचे हिशेब काढले आणि प्रत्येकाला त्याची सरासरी रक्कम पुढचे सहा महिने पगारासोबत ठरावीक मिळेल, जादा तास होवोत अथवा न होवोत, असे लिहून दिले. ही रक्कम लहान नाही. टाकाऊ नग आणि मोडलेल्या सेटिंगचे तास यांचा हिशेब शेजारी मांडला तेव्हा ती झेपेल असे वाटले, आणि सहा महिन्यांनी पुन्हा सगळे मिळून बसणार आहोत.

जमिनीवर पिवळ्या रंगाने बारा चौकोन आखले आहेत. चौकोन रिकामा झाल्याशिवाय गेटजवळच्या रॅकवरचे कास्टिंग आत येत नाही. क्रमाची पाटी मराठीत आणि कन्नडात लिहून व्हीएमसीच्या समोर लावली आहे, आणि शहापूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे ग्राहक आला की त्याला त्या पाटीपुढे नेऊन उभा करतो. सेटिंग बदलल्यावर पहिल्या नगालाच गेज लागतो आणि ऑपरेटर सही करतो. ही सूचना त्याच ऑपरेटरची आहे. तीन आठवड्यांत सेटिंग मध्येच मोडण्याची वेळ दोनदा आली, पूर्वी ती रोजची होती. एक दिवस ब्लोहोलमुळे लॉट थांबला आणि हाताशी साधे काम ठेवण्याची टिळकवाडीकरांची सूचना मी अमलात आणली नव्हती, त्यामुळे व्हीएमसी तीन तास बंद राहिली. आता दुसऱ्या दाराजवळ फ्लँजचा एक लॉट कायम असतो.

ज्या जुन्या ग्राहकांबद्दल लिहिले होते ते गेल्या गुरुवारी आले. त्यांनाही पाटी दाखवली आणि पुढच्या बुधवारची तारीख सांगितली. ते बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “तुझ्या वडिलांनी मला कधी तारीख सांगितली नव्हती रे.” मी गप्प राहिलो. चहा घेऊन ते उठले, निम्मे कास्टिंग गाडीत परत ठेवायला लावले आणि निम्मे ठेवून गेले. ते निम्मे आज सकाळी नवव्या चौकोनात आले आहे, आणि बुधवारी मी स्वतः पोहोचवणार आहे.